जुन्या लेन्सवरची झिजलेली रबरी पकड: दुरुस्त करावी की बदलावी, आणि कशी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या संग्रहातून आपल्याकडे निकॉनच्या दोन लेन्स आल्या आहेत, एक ५० मिमी एफ/१.४ एआय (निकॉनच्या लेन्सची एक जुनी मालिका) आणि दुसरी ८०-२०० मिमी एफ/४.५ झूम. पहिलीच्या फोकस रिंगवरचे रबर पांढरट आणि सैल झाले असून फोकस करताना रिंगऐवजी नुसते रबरच फिरते. दुसरीच्या रुंद रबरी पकडीला कडेने चिरा पडल्या आहेत. हे रबर फेविक्विकने चिकटवावे का, नवे बसवायचे असल्यास ते कोठे मिळेल आणि ते काम घरी करता येईल का, असे आपण विचारले आहे.

फेविक्विक कृपया लावू नका. पहिल्या लेन्सचे रबर बहुधा वाचेल आणि दुसरीचे बदलावे लागेल. दोन्ही कामे घरी होऊ शकतात, कारण त्यांत काचेला किंवा आतल्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्यावी: रबर जसे बसवाल तसेच ते पुढे कधीही, काहीही न फाडता, काढता आले पाहिजे. हा माझा आग्रह केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. जुन्या जपानी लेन्सांपैकी पुष्कळ लेन्समध्ये फोकस रिंगला आतल्या आट्यांच्या नळीशी, म्हणजे हेलिकॉइडशी, जोडणारे छोटे स्क्रू याच रबराखाली असतात. लेन्सचे वंगण सुकले, फोकस जड झाला किंवा आत बुरशी आली, तर दुरुस्त करणाऱ्याला सर्वांत आधी रबर काढून त्या स्क्रूंपर्यंत पोचावे लागते. रबर कायमचे चिकटवले म्हणजे लेन्सचे दार बाहेरून बंद केल्यासारखे होते, आणि पुढच्या माणसाला ते कापून, खरवडूनच काढावे लागते.

रबरी पकड हा प्रकार सर्व जुन्या लेन्सवर नसतो. निकॉनच्या बहुतेक लेन्सवर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धातूचीच खाचा पाडलेली रिंग असे. १९७७ साली एआय मालिका आली तेव्हा चौकड्यांच्या नक्षीचे रबर ही निकॉनची ओळख झालेली होती. ऑलिम्पसने १९७२ मध्ये आपला छोटा एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य पाहण्याचा कॅमेरा, आणला तेव्हा त्याच्या झुइको लेन्सवर रबर होते. पेंटॅक्सच्या शेवटच्या टाकुमार लेन्स आणि मिनोल्टाच्या रोकोर लेन्स याच दशकात धातूकडून रबराकडे वळल्या. सोव्हिएत बनावटीच्या हेलिओस ४४-२ सारख्या लेन्सवर सगळी पकड धातूची असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. तात्पर्य, आपल्या हातातले रबर पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे असण्याची शक्यता आहे, आणि त्या वयाच्या रबराकडून आपण काय अपेक्षा ठेवावी हे त्याच्या रसायनावरून कळते.

रबर पांढरे पडते ते दर वेळी बुरशीमुळे नव्हे. रबर तयार करताना त्यात मेण, गंधक, जस्ताची संयुगे आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि वर भुरकट थर जमतो. हा थर सर्वत्र सारखा, खडूच्या पुडीसारखा दिसतो. बुरशी ठिपक्यांनी, केसाळ दिसते आणि बहुधा नक्षीच्या खाचांत, जेथे हाताचा मळ साचला आहे, तेथे असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या हवेत दोन्ही एकाच रबरावर सापडू शकतात, म्हणून धुण्याआधी एकदा भिंगातून पाहून घ्यावे, कारण बाहेर बुरशी असेल तर काचही तपासणे भाग आहे.

रबर सैल पडते त्याचे मुख्य कारण तेल. हाताचा घाम व तेल, सनस्क्रीन, आणि कधी कधी आतून झिरपलेले वंगण रबर शोषून घेते, फुगते, आणि फुगल्यामुळे त्याचा परीघ वाढतो. त्यात ते कायम थोडे ताणून बसवलेले असल्याने पन्नास वर्षांत त्याची परत आकसण्याची ताकद कमी झालेली असते. चिरांचे कारण वेगळे आहे. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर हल्ला करतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. सूर्यप्रकाश त्यात भर घालतो. म्हणूनच 'घट्ट बसावे' म्हणून फार लहान मापाचे रबर ओढूनताणून चढवणे चुकीचे ठरते, कारण जितका ताण जास्त तितक्या भेगा लवकर. तिसरा प्रकार चिकटपणाचा. १९९० नंतरच्या काही लेन्स आणि कॅमेऱ्यांवर मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा लेप असे. दमट हवेत तो विघटित होऊन गुळासारखा चिकट होतो. तो रबराचा दोष नव्हे आणि त्यावर उपाय म्हणजे तो लेपच पुसून काढणे. आपल्या दोन्ही लेन्स त्या काळाच्या आधीच्या असल्याने त्याचा येथे अधिक विचार करत नाही.

आता काढण्याकडे येऊ. आधी लेन्सला पुढचे व मागचे झाकण लावा, आणि रबराच्या चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नक्षीच्या ओळी कोणत्या आकड्यासमोर येतात, रबराची कोणती कड जाड आहे, जोड किंवा साच्याची रेघ कोठे आहे, हे फोटोत दिसले पाहिजे. सैल रबर नुसत्या बोटांनी गुंडाळत पुढच्या तोंडावरून निघते. चिकटलेले असेल तर कडेखाली बांबूची चपटी केलेली काडी किंवा गिटार वाजवण्याची पातळ प्लॅस्टिक पट्टी सरकवावी, आणि ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब आत सोडावा. मोबाइल दुरुस्त करणारे जे 'आयपीए' वापरतात तेच हे. सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात ग्लिसरीनसारखी द्रव्ये असतात आणि ती मागे राहतात. थेंब सोडताना लेन्स आडवी धरावी आणि द्रव एका वेळी इतकाच वापरावा की तो ओघळणार नाही. ओघळला तर तो रिंगच्या फटीतून हेलिकॉइडपर्यंत जाऊन वंगण पातळ करू शकतो, आणि पातळ झालेले वंगण ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणाऱ्या, पात्यांवर पोचते. पोलादी पाते किंवा स्क्रू ड्रायव्हर कडेखाली खुपसू नये; ॲनोडाइझ केलेल्या काळ्या रंगावर पडलेला ओरखडा नव्या रबराच्या कडेने डोकावत राहतो. रबर वाचवायचे नसेल, जसे आपल्या झूमचे, तरी ते कापताना खाली धातू आहे हे लक्षात ठेवून कात्रीची बोथट टोकाची बाजू आत घालावी.

रबर निघाल्यावर खाली जुनी डबल टेप, तिचा वाळलेला गोंद आणि पुष्कळदा लहान स्क्रू दिसतील. त्या स्क्रूंना या कामात हात लावू नका. ते फोकस रिंग आणि हेलिकॉइड यांचे परस्पर स्थान ठरवतात. एक जरी सैल झाला आणि रिंग जराशी सरकली तरी रिंगवरचे अनंताचे, म्हणजे फार दूरच्या वस्तूच्या फोकसचे, चिन्ह आणि खरे अनंत यांची फारकत होते. गोंद काढायला कापसाच्या काडीवर आयपीए पुरतो. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था गोंदावर अधिक परिणामकारक असते, पण ते रबराला लागू देऊ नये. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, आणि थिनर यांना या टेबलावर जागाच देऊ नये, कारण आकड्यांत भरलेला रंग आणि प्लॅस्टिकचे भाग ते क्षणात खराब करतात.

आपल्या ५० मिमी लेन्सचे रबर फाटलेले नाही, केवळ पांढरट व सैल आहे. ते कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब घालून जुन्या मऊ टूथब्रशने आतून-बाहेरून धुवावे, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावे, सावलीत पूर्ण वाळवावे, आणि शेवटी आयपीएने पुसावे. एवढ्यानेच काळेपणा परततो आणि शोषलेले थोडे तेल निघून रबर किंचित आकसलेलेही माझ्या पाहण्यात आहे. पांढरेपणा काही महिन्यांनी पुन्हा येऊ शकतो. आला की पुन्हा पुसावे, त्याने बिघडत काही नाही. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे किंवा बुटाचे पॉलिश लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो देत नाही. सिलिकॉनचा थर बसल्यावर त्यावर कोणतीही टेप धरत नाही, तो बोटांवाटे काचेपर्यंत जातो, आणि काचेवरून तो पुसून काढणे त्रासाचे असते. खनिज तेल असलेले फवारे तर रबर आणखी फुगवतात, म्हणजे जो रोग आहे तोच वाढवतात.

सैलपणा उरला तर तो रबराखाली अस्तर घालून काढता येतो, आणि येथे थोडे गणित केले तर अंदाजपंचे काम करावे लागत नाही. रबर रिंगवर बसवून एका ठिकाणी चिमटीत धरा आणि किती मिलिमीटर जादा आहे ते मोजा. परीघ हा व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे, २ मिमी जादा परीघ भरून काढायला व्यास ०.६४ मिमीने वाढवावा लागतो. अस्तर दोन्ही बाजूंनी येते, म्हणून त्याची जाडी त्याच्या निम्मी, साधारण ०.३ मिमी, हवी. ०.१ मिमी जाडीच्या टेपचे तीन वेढे म्हणजे काम झाले. पहिले दोन वेढे साध्या, न चिकटणाऱ्या पृष्ठभागाच्या टेपचे आणि सर्वांत वरचा वेढा पातळ डबल टेपचा, अशी माझी पद्धत आहे. डबल टेप मोबाइलच्या काचा बसवायला वापरतात तशी ॲक्रिलिक गोंदाची घ्यावी. स्टेशनरीच्या दुकानातली फोमची जाड टेप दाबली की मऊसर हलते आणि फोकस करताना रिंग रबराच्या मागून उशिरा फिरल्याची जाणीव देते. टेप रबराच्या रुंदीपेक्षा दोन्ही कडांना एकेक मिलिमीटर आतच थांबवावी, नाहीतर उन्हाळ्यात गोंद कडेतून बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते.

फेविक्विकविषयी सविस्तर सांगतो, कारण हा उपाय सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. हा गोंद सायनोॲक्रिलेट आहे. तो सुकताना त्याची वाफ उठते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी होऊन बसते; बोटांचे ठसे उठवण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत हीच वाफ मुद्दाम वापरली जाते. लेन्सवर ती काळ्या रंगावर, आकड्यांवर आणि झाकण नसेल तर काचेच्या लेपावर बसते. गोंद पातळ असल्याने तो खालच्या स्क्रूंच्या आट्यांत आणि रिंगच्या फटीतही शिरतो. शिवाय सुकल्यावर तो कडक होतो, रबर मऊच राहते, आणि दोहोंच्या सीमेवर रबर फाटते. बूट-चपलांसाठीचे पिवळसर रबरी सोल्यूशन त्या मानाने बरे, पण त्यातल्या द्रावकाने जुने रबर फुगते आणि पुढे ते तुकड्यातुकड्यांनीच निघते. म्हणून लेन्सवर प्रत्यक्ष मी फक्त टेप वापरतो.

नवे रबर कोठून आणावे याचे उत्तर लेन्सनुसार बदलते. सर्वांत चांगले अर्थातच मूळ कंपनीचे. निकॉनने हाताने फोकस करायच्या काही एआय-एस (एआयच्या पुढच्या मालिकेतल्या) लेन्स फार अलीकडेपर्यंत विक्रीत ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या सुट्या भागांतले रबर अजून कधी कधी सापडते. ते एआय लेन्सवर बसेलच असे गृहीत धरू नये. रुंदी आणि व्यास जुळतात का हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे त्याच लेन्सची निकामी प्रत. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत, तेथे बुरशीने काच गेलेल्या लेन्स कधी कधी मिळतात, आणि अशा लेन्सचे रबर पुष्कळदा उत्तम असते. केवळ रबरासाठी चांगली लेन्स मोडणे मात्र मला पटत नाही. तिसरा मार्ग ऑनलाइन मिळणाऱ्या साच्यातल्या रबरी रिंगांचा. त्या मुख्यतः ऑटोफोकस काळातल्या, जास्त खपलेल्या लेन्ससाठी बनतात. जुन्या लेन्ससाठी मिळाल्या तर नक्षी तंतोतंत जुळत नाही, पण माप बरोबर असेल तर हाताला फरक कळत नाही.

चौथा मार्ग त्रिमितीय छपाईचा आहे आणि अलीकडे मला तो अधिकाधिक उपयोगी वाटतो. यासाठी टीपीयू नावाचा लवचिक प्लॅस्टिकचा धागा वापरतात. सहज मिळणाऱ्या टीपीयूची कठीणता शोअर ए या रबराची कठीणता मोजण्याच्या मापावर ९५ असते, म्हणजे ते लेन्सच्या मूळ रबरापेक्षा बरेच टणक असते. म्हणून त्याची रिंग फार लहान करता येत नाही. मऊ रबराची रिंग व्यासाने दोन-तीन टक्के लहान चालते, पण टीपीयूची मी एक टक्क्याच्या आसपासच लहान ठेवतो. ६० मिमी व्यासाच्या धातूच्या रिंगसाठी रबर ५८.५ मिमीचे आणि टीपीयू ५९.४ मिमीचे, असा हिशेब झाला. मापे व्हर्निअर कॅलिपरनेच घ्यावीत आणि एकाच जागी नव्हे तर पुढच्या कडेला व मागच्या कडेला अशी दोनदा घ्यावीत, कारण काही रिंगा किंचित निमुळत्या असतात. पीएलए हा नेहमीचा धागा येथे चालत नाही. तो ताणत नाही आणि ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो, आणि एवढे तापमान मे महिन्यात बंद गाडीत सहज होते.

यांपैकी काहीच जमले नाही तर सपाट पट्टी कापून रिंगभोवती गुंडाळावी लागते, आणि खरे कसब येथे लागते. आधी पदार्थ निवडू. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत १ मिमी जाडीचे रबराचे शीट मिळते, पण 'काळे रबर द्या' एवढे सांगून भागत नाही. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, परंतु ओझोनने लवकर तडकते. ईपीडीएम उन्हाला व ओझोनला उत्तम टिकते, परंतु तेलाने फुगते. निओप्रीन दोन्हींत मध्यम आहे, आणि हाताच्या तेलात व उन्हात दोन्हीकडे वावरणाऱ्या पकडीसाठी मी तेच घेतो. सिलिकॉनच्या शीटवर साधी टेप धरत नाही आणि धूळ मात्र भरपूर धरते, म्हणून ते टाळावे.

शीट गुळगुळीत असते ही त्याची उणीव. नक्षी हवी असेल तर क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवर चढवायची रबरी ग्रिप हा उत्तम कच्चा माल आहे. तिची नळी लेन्सवर तशीच ओढू नका. मूठ कुठे आणि ६० मिमीची रिंग कुठे, एवढ्या ताणाने रबर पातळ होऊन लवकरच भेगाळते. ती लांबीच्या दिशेने चिरून सपाट करावी आणि पट्टी लांबीच्या दिशेनेच कापावी, म्हणजे रिंगभोवती पुरेल इतकी लांबी जोडाशिवाय मिळते. तिचे रबर काही वर्षांनी जाईल, पण खाली टेपच असल्याने ते बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. बकऱ्याचे पातळ कातडे दिसायला सुरेख असते आणि १९५०-६० च्या कॅमेऱ्यांच्या अंगावर ते शोभतेही, पण आपल्या दमट किनारपट्टीवर कातडे बुरशीचे घर होते, आणि ते काचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर बांधून ठेवणे मला धोक्याचे वाटते. मासे पकडण्याच्या गळाच्या दांड्यावर उष्णतेने आकसवून बसवतात ती नक्षीदार नळीसुद्धा लेन्सवर वापरू नये. तिला आकसायला ९० अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेने वंगण वितळून वाहते व काचा एकमेकींना जोडणाऱ्या सिमेंटलाही इजा पोचू शकते.

पट्टीची लांबी ठरवताना बहुतेक जण फक्त धातूच्या रिंगचा परीघ घेतात आणि मग दोन टोकांत फट का राहिली याचे आश्चर्य करतात. शीट वळते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणते व आतली दबते. खरी लांबी मधल्या रेषेवर मोजावी लागते. म्हणजे रिंगच्या व्यासात पट्टीची जाडी मिळवून मग ३.१४ ने गुणायचे. ६० मिमी रिंग आणि १ मिमी शीट असेल तर लांबी १८८.५ नव्हे, १९१.६ मिमी येते, आणि तो तीन मिलिमीटरचा फरक जोडाच्या जागी डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे. टेपची जाडीही त्यात धरावी. रबराची पट्टी मी हिशेबापेक्षा एखादा मिलिमीटर कमी कापतो, म्हणजे ती किंचित ताणून रिंगवर घट्ट बसते.

कापण्यापूर्वी शीटची मागची बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकीच घासून आयपीएने पुसावी, कारण साच्यातून निघालेल्या रबरावर टॅल्क किंवा तत्सम पूड असते आणि टेप त्या पुडीला चिकटते, रबराला नाही. मग टेप रबराला लावून दोन्ही एकत्र कापावे. पाते कोरे असावे, पट्टी पोलादी असावी, आणि जोर न लावता दोन-तीन फेऱ्यांत कापावे. टोके काटकोनात न कापता पाते ४५ अंशांत कलते धरून तिरकस कापली तर जोड एकमेकांवर बसतो आणि रेघ जवळजवळ दिसत नाही. जोडाला टोकाशी सायनोॲक्रिलेटचा बारीक ठिपका द्यायचा असेल तर तो पट्टी लेन्सवर नसताना, दुसऱ्या खोलीत देऊन एक दिवस तसाच ठेवावा. मग ती रिंग तयार रबरासारखी चढवता येते. जोड कोठे यावा हेही आधी ठरवावे. लेन्स अनंतावर असताना आकडे वाचण्याच्या खुणेच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे खाली, जोड आला तर तो वापरताना डोळ्यांसमोर येत नाही.

तयार रिंग चढवताना तिला ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून पुसून घ्यावे. प्लॅस्टिकच्या फाइलच्या कव्हरमधून बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापून त्या धातूच्या रिंगवर समान अंतरावर आडव्या ठेवाव्यात, रबर त्यांच्यावरून घसरवत जागेवर न्यावे आणि मग पट्ट्या एकेक करून ओढून काढाव्यात. खाली डबल टेप असेल तर ती आयपीएने ओलसर करावी. ओली असेपर्यंत रबर तिच्यावरून सरकते, नक्षी सरळ करता येते, आणि अल्कोहोल उडून गेले की पकड बसते. रात्रभर लेन्सला हात लावू नये.

आता आपली झूम. तिच्यात एकच रिंग पुढे-मागे सरकवून झूम आणि फिरवून फोकस केला जातो, त्यामुळे रबरावर दोन दिशांचा ओढा येतो आणि अस्तर अधिक काळजीने घालावे लागते. अशा लेन्समध्ये रबराखाली नुसत्या स्क्रूंऐवजी पुष्कळदा टेपने झाकलेली छिद्रे असतात, ज्यांतून आतली सरकणारी यंत्रणा दिसते. ती टेप वाळलेली असली तरी शक्यतो उचलू नये. उचलावीच लागली तर तेथे आयपीए वापरू नये आणि लगेच नवी टेप लावावी, नाहीतर रबराचा चुरा आणि धूळ थेट आत जाते. लेन्स खाली धरल्यावर रिंग आपोआप घसरत असेल तर तो आतल्या घर्षणाचा प्रश्न आहे आणि नव्या रबराने तो सुटणार नाही, हे दुरुस्ती करवून घेताना दुकानदाराला वेगळे सांगावे.

रुंद पकडीसाठी सपाट पट्टी कापायची तर आधी कागदाची प्रतिकृती करावी. कागद रिंगभोवती गुंडाळून जेथे टोके एकमेकांवर येतात तेथे पेन्सिलने खूण करावी आणि उलगडल्यावर कागदाचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले तर कागद सरळ गुंडाळला गेला आहे, आणि कॅलिपरने दोन्ही कडांचे व्यासही सारखे आले असतील तर आयताकृती पट्टी बसेल. कमीजास्त आले तर कागद तिरका गुंडाळला गेला आहे, तो पुन्हा गुंडाळावा. कॅलिपरने रिंग निमुळती असल्याचे आढळले असेल तर पट्टी किंचित वक्र कापावी लागेल आणि तेथे टीपीयूची छापील रिंगच श्रेयस्कर. पट्टीची रुंदी खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवावी. या लेन्सच्या नळीवर क्षेत्रखोलीच्या, म्हणजे किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसेल ते दाखवणाऱ्या, रंगीत वक्र रेषा आहेत, रिंग त्यांच्यावरून सरकते, आणि बाहेर आलेली रबराची कड त्या रेषा वर्षभरात पुसून टाकेल.

सगळे बसवून झाल्यावर दोन्ही लेन्स कॅमेऱ्याला लावून अनंत तपासावे. ५० मिमीसाठी किमान अर्ध्या किलोमीटरवरची आणि २०० मिमीवर दोन-तीन किलोमीटरवरची इमारत किंवा टॉवर घ्यावा, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, आणि रिंग अडते तेथे प्रतिमा स्पष्ट आहे का ते पाहावे. आपण स्क्रूंना हात लावलेला नसल्यामुळे ती पूर्वीसारखीच असली पाहिजे. नसेल तर दोष रबराचा नाही, आणि लेन्स दुरुस्तीला नेताना पूर्वीचे फोटो सोबत न्यावेत. झूमवरून काढलेले जुने रबर फेकू नका; ते सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या पिशवीत ठेवा, कारण पुढे कोणी त्याच नक्षीचा साचा किंवा छपाईचे चित्र बनवणार असेल तर खाचांचे अंतर मोजायला भेगाळलेला तुकडाही पुरतो. आणि पक्षी टिपायला रानात जाणार असाल तर डास पळवणारे, डीट हे रसायन असलेले मलम लावल्यावर हात धुतल्याशिवाय या पकडींना स्पर्श करू नका. ते अनेक प्रकारचे प्लॅस्टिक विरघळवते आणि रबरालाही इजा करू शकते.